अहिराची वाट

मी लग्न होऊन भोरला आले त्या वर्षी भाटघरचं नवं धरण नुकतंच भरू लागलं होतं. जुनं धरण नव्याच्या पाण्यात बुडालं, एवढं कानावर येई. मला त्याचं फारसं काही नव्हतं. नवं घर आणि सासूबाईंचं कडक सोवळं यातून डोकं वर काढायला फुरसत कुठली?

लग्नाला दीड महिना झाला असेल. एका सकाळी धुणं घेऊन नीरेच्या घाटावर गेले, तर समोर माझे यजमान मांडीभर पाण्यात उभे. धोतराचा काचा मारलेला, शाळेचा कोट काठावरच्या दगडावर घडी करून ठेवलेला आणि दोन्ही हातांत एक काळपट पिवळं, हातभर लांब जनावर वळवळतंय. मी "साप! साप!" म्हणून अशी किंचाळले की वरच्या पायऱ्यांवरच्या बायका घागरी टाकून धावत आल्या.

यजमानांच्या शेजारी एक भोई उभा होता. चाळिशीचा, उन्हानं सुकलेला, एक कान जरा मुडपलेला. तो हसायला लागला. म्हणाला, "साप न्हाई वैनी, अहिर हाय. मासा हाय ह्यो. मास्तरांस्नी त्याची लांबी मोजायचीया."

आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नसे. मी धुणं तसंच उचललं आणि घरी आले.

यजमानांना मी 'हे'च म्हणायची, इथंही तसंच लिहिते. हे भोरच्या शाळेत शास्त्र शिकवत. पुण्याला कॉलेजात असताना यांना पुढं शिकायचं होतं, पण सासरे अकाली गेले आणि यांना घरी परतावं लागलं. पुस्तकांची एक पेटी तेवढी बरोबर आली. त्या संध्याकाळी पडवीत बसून यांनी मला पहिल्यांदाच काही समजावून सांगितलं. तोवर आमचं बोलणं 'पाणी दे', 'पंचा कुठं आहे' एवढंच होतं.

अहिर गोड्या पाण्यात राहतो, पण जन्मतो समुद्रात. दोऱ्याएवढी पिल्लं नदीच्या मुखाशी येतात आणि प्रवाहाविरुद्ध चढत चढत वर जातात. वर दहा-वीस वर्षं राहून मोठी होतात. मग एका पावसाळ्यात, नदी भरलेली असताना, परत समुद्राकडे निघतात. तिथं अंडी घालून मरतात. परदेशातल्या नद्यांबद्दल असं कुणी शोधून काढलं होतं आणि ते यांनी वाचलं होतं. आपल्याकडच्या अहिराबद्दल मात्र यांना कुठंच काही सापडलं नव्हतं.

"बघ," हे म्हणाले, "नीरेचं पाणी भीमेला, भीमेचं कृष्णेला, आणि कृष्णा पार त्या टोकाच्या समुद्राला. म्हणजे आज तू ज्याला साप म्हणालीस तो समुद्रातला मासा. शेकडो कोस चढून आलेला. आता त्याच्या वाटेत एवढी मोठी भिंत उभी राहिली. त्याचं काय होतं, ते मला बघायचंय."

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"दिवस नव्हे. पंधरा वर्षं तरी."

मला वाटलं थट्टा करतायत.

भोईदादांना हे समुद्राचं अजिबात पटलं नव्हतं. "समुंदर कुठं आन् आमी कुठं मास्तर! अहिर कातळातनं उपजतो. माजा आजाबी ह्येच सांगायचा." पण त्यांचाही एक प्रश्न होताच. ज्या वेळवंडी नदीवर हे धरण आहे, तिच्यात त्यांच्या वाडवडिलांनी अहिर धरले होते. जुन्या धरणाच्या कडेच्या ओल्या कातळावरून पावसात पिल्लं चढताना त्यांनी स्वतः पाहिली होती. नव्या उंच धरणाच्या पाण्यात आता अहिर टिकणार की नाही, हे त्यांनाही जाणून घ्यायचं होतं. म्हणून ते तयार झाले.

मोजायला तीन ठिकाणची पाणी ठरली. एक भोरजवळची नीरा. दुसरं वेल्ह्याच्या वाटेवर विंझरजवळचं नदीपात्र, कारण भोईदादांची लेक तिकडं दिली होती आणि तिच्या सासरची माणसं मासे धरत. ते पाणीही खाली नीरेलाच मिळतं, मध्ये धरण नाही. आणि तिसरं भाटघरचं. पाऊस ओसरला की दर वर्षी या तिन्ही ठिकाणी बांबूचे सापळे लावायचे, सापडेल तो प्रत्येक अहिर मोजायचा, वहीत लिहायचा. मोजायला यांनी एक जाड बांबू उभा चिरून पन्हळ केली होती आणि तिच्यात इंचांच्या खुणा कोरल्या होत्या. अहिर पन्हळीत घातला आणि वर ओलं फडकं टाकलं की अंधार वाटून तो जरा स्वस्थ पडे. पण तिथवर न्यायचा कसा? हातातून लोण्यासारखा निसटे. त्यासाठी हाताला राख लावायची.

राख आमच्या चुलीतली. सासूबाई स्वतः चाळून डब्यात भरून देत. म्हणत, "राख देते. पण त्या अंगानं थेट चुलीपाशी यायचं नाही, आधी विहिरीवर." आणि हे पाच वर्षं निमूटपणे विहिरीवर अंघोळ करून घरात येत राहिले. गावात यांना 'मासे मास्तर' म्हणू लागले. शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी तर तोंडावर विचारलं, "काय हो, नुसतेच मोजता की..." हे हसले आणि पुढं निघाले. मला मात्र तो प्रश्न फार लागला.

सहाव्या वर्षी यांना हिवताप झाला. नवरात्र संपलं होतं. नीरा आणि विंझर झालं होतं, धरणाचं मोजणं राहिलं होतं. ताप उतरायचा, परत चढायचा. शुद्धीवर आले की विचारत, "आज तिथी कोणती?" आठ दिवसांत पाणी थंड झालं की अहिर दगडांत शिरून बसतात, मग सापळ्यात येत नाहीत. एका दुपारी मी काढा घेऊन गेले तर हे भिंतीकडं तोंड करून पडले होते. म्हणाले, "एक वर्ष रिकामं गेलं की संपलं."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. मग म्हणाल्या, "सोळा सोमवार धरले तर पंधराव्याला सोडतात का कुणी? तू आजारी आहेस. ही नाही ना?"

मी काढ्याचा पेला खाली ठेवला.

"जा," त्या म्हणाल्या. "भोयाची बायको बरोबर असेल तर जा. तुझ्या लेकीला मी बघते. आल्यावर आधी विहीर."

दुसऱ्या दिवशी भोईदादा, त्यांची बायको आणि मी असे भाटघरला गेलो. भोईणबाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, बोलायला रोखठोक. पहिला सापळा उघडला आणि त्यांनी अहिर माझ्यापुढं धरला. माझे हात पुढं होईनात.

"घाबरू नगा वैनी. त्यो तुमच्यापरीस जास्त घाबरलाय," त्या म्हणाल्या.

मी राख लावली आणि धरला. गार, घट्ट, आणि आतून जोर करणारा. पन्हळीत टाकला, फडकं घातलं. खूण वाचली, वहीत लिहिली. दुसरा मी स्वतःच सापळ्यातून काढला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वही घेऊन यांच्या उशाशी बसले. हे एकेक आकडा बोटानं वाचत गेले आणि मग म्हणाले, "अक्षर माझ्याहून चांगलं आहे." त्यानंतर वही माझ्याकडंच राहिली. पुढं आणखी दोन मुली झाल्या, ती वर्षं सोडली तर मोजायलाही मी जाऊ लागले. गावात चार दिवस बोललं गेलं. सासूबाईंनी देवळात एका बाईला सुनावलं, "माझ्या सुनेला शास्त्राचं काम आहे," आणि बोलणं थांबलं.

वही माझ्याकडं होती म्हणूनच पुढची गोष्ट घडली. दहा-अकरा वर्षं झाली होती. आकडे नुसते वाचून मला काही दिसत नसे. मला रांगोळीची सवय, डोळ्यांपुढं मांडलेलं लागतं. एका दुपारी मी पडवीच्या जमिनीवर कोळशानं रेघा मारल्या. एक वीत, दीड वीत, दोन, अडीच, असे लांबीचे कप्पे. प्रत्येक अहिराचा एक चिंचोका. एका ओळीत नीरा, खाली विंझर, खाली धरण. आधी पहिल्या दोन वर्षांचे मांडले, मग पुसून मधल्या दोन वर्षांचे, मग अलीकडच्या दोन वर्षांचे.

नीरेच्या आणि विंझरच्या ओळीत दर वेळी वीत-दीड वितीच्या कप्प्यांत चिंचोक्यांची रास पडे. धरणाच्या ओळीत पहिल्या वर्षांत लहान होते. मधल्या वर्षांत वीतभराचा कप्पा रिकामा. शेवटच्या वर्षांत तर तीन वितींच्या अलीकडं एकही चिंचोका नाही. सगळे मोठे. आणि एकूणही कमी.

मला आधी वाटलं माझंच चुकलं. परत मांडलं. परत तेच. हे शाळेतून आले तेव्हा मी तशीच जमिनीवर बसलेली.

"अहो, धरणात पिल्लंच नाहीत," मी म्हणाले. "हे सगळे तेच जुने आहेत. म्हातारे होतायत."

हे उभ्यानंच बघत राहिले. मग माझ्याशी वाद घातला. धरणाचं पाणी खोल, पिल्लं काठाच्या दगडांत असतील, भोईदादांच्या तिथल्या सापळ्यांची वीण मोठी असेल, लहान निसटत असतील. मी म्हटलं, तर मग तसं करून बघू. पुढची दोन वर्षं तिन्ही पाण्यांवर एकाच हाताचे, एकाच विणीचे सापळे लावले. धरणात काठाच्या दगडांत लावले, वरून येणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी लावले. वीतभर पिल्लू एकही मिळालं नाही. नीरेत मिळत होती.

तेव्हा यांनी शहरातल्या एका जाणकारांना सविस्तर पत्र लिहिलं. आठ पानं. उत्तर तीन महिन्यांनी आलं, चार ओळींचं. धरणात अहिर मोठे होत आहेत ही मत्स्याहाराच्या दृष्टीनं आनंदाचीच बाब आहे. शाळामास्तरांनी असा छंद जोपासावा हे कौतुकास्पद आहे. ते पत्र यांनी मला वाचून दाखवलं, घडी केली, पुस्तकांच्या पेटीत टाकलं. त्या वर्षी पुढं चार महिने यांनी वहीला हात लावला नाही. मी आणि भोईदादांनी मोजलं. लढाईचे दिवस होते, कागद मिळेना. मी मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर लिहीत होते.

भोईदादांची तर रोजीच त्यात होती. धरणावर पूर्वी ज्या सापळ्यात एका रात्रीत तीन अहिर यायचे तिथं आता आठवड्याला एक. एका सकाळी ते आमच्या अंगणात येऊन बसले.

"मास्तर, आसं रुसून कसं चालंल?" ते म्हणाले. "हितं पिल्लू यीत न्हाई, म्हंजी वाट बंद हाय. विंझराला येतंय. मंग तिथनं आनून हितं सोडू की आमी."

हे एकदम ताठ बसले. मला म्हणाले, "ऐकलंस? पाण्यात दोष आहे की वाटेत, ते यातूनच कळेल. इथं सोडलेली जगली, वाढली, तर पाणी चांगलं आहे. बंद आहे ती फक्त वाट." भोईदादांना इतकं सगळं म्हणायचं नव्हतं. पण ते मान डोलावत राहिले.

श्रावणात आम्ही विंझरला गेलो. भोईदादांच्या लेकीच्या सासरच्यांनी दोन दिवस खपून वीतभराची पिल्लं धरून ठेवली होती. मोजून एकसष्ट. ओलं शेवाळ घातलेल्या सहा घागरी, त्यात दहा-दहा, शेवटच्या घागरीत अकरा. बैलगाडीत गवताच्या बैठकीवर घागरी रचल्या आणि पहाटे निघालो. रस्ता चिखलाचा. चाक खड्ड्यात गेलं की मी आणि भोईणबाई दोन-दोन घागरी पोटाशी धरायचो. हे पायी, गाडीच्या मागून, कोटाचे खिसे शेवाळानं भरलेले.

दुपारी कामथडीला पाणी बदलायला थांबलो. एका मळ्यातल्या विहिरीवर एक शेतकरीण होती. तिनं घागरीत डोकावून पाहिलं आणि मागं सरली.

"काय वो ह्ये? साप न्हेताय?"

"मासे हायेत बाई," भोईणबाई म्हणाल्या. "ह्यांची वाट धरनानं अडवलीया, म्हून गाडीनं पोचवतोय."

बाईला काय समजलं कुणास ठाऊक. तिनं पोहरा सोडला, स्वतः पाणी ओढून सहाही घागरी भरून दिल्या. म्हणाली, "लेकरंच हायेत की. न्ह्या बापडी."

ऊन कलताना भाटघरच्या फुगवट्याच्या काठी पोचलो. सात मेली होती. चौपन्न सोडली. घागर आडवी केली की ती क्षणभर काठाच्या गाळात पडून राहत, मग एक वळसा देऊन दगडाखाली जात. शेवटचं गेलं तरी हे वाकून बघतच होते. मी म्हटलं, "चला, पाऊस येतोय."

त्याच पावसाळ्यात आणखी एक गोष्ट झाली. धरण सांडव्यावरून वाहत होतं. भोईदादा सकाळी निरोप घेऊन आले, "मास्तर, वैनी, बिगीनं चला." धरणाच्या खाली दगडांत अहिराच्या दोन मोठ्या माद्या मरून पडल्या होत्या. उंचावरून आपटलेल्या. पाठ काळी, पोट चांदीसारखं पांढरं झालेलं, आणि डोळे आम्ही इतकी वर्षं मोजलेल्या कुठल्याही अहिरापेक्षा मोठे. यांनी एकीला हात लावला. "समुद्राकडं निघाल्या होत्या," हे म्हणाले. "निघताना अशाच होतात. मी नुसतं वाचलं होतं."

भोईदादांनी दुसरी उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाले, "म्हंजी समुंदराचीच ही. म्या उगंच कातळ म्हनत व्हतो." आणि यांच्याकडं वळून, "वर आनून सोडली खरी आपून. पर परत जायाची येळ आली की त्यांनी जायाचं कसं?"

त्यानंतर भोईदादांनी स्वतःचा एक नेम केला. पावसात धरणाच्या सापळ्यात पांढऱ्या पोटाची, मोठ्या डोळ्यांची मादी आली की ती ते बाजारात नेत नसत. घागरीत घालून धरणाखाली नेत आणि नदीत सोडत. भोईणबाई कुरकुरत, "घरात कालवन न्हाई आन् ह्ये मासं पोचवाया चाललं." पण घागर त्याच घासून ठेवत.

पुढच्या वर्षी, सोडलेल्या पिल्लांपैकी सापळ्यात काही आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आश्विनात, ओढ्याच्या तोंडाशी लावलेल्या सापळ्यात, दोन वितींचा एक अहिर मिळाला. कितीतरी वर्षांत धरणात त्या मापाचा एकही मिळाला नव्हता. तो आम्ही सोडलेल्यांपैकीच. त्या मोसमात असे नऊ मिळाले, धष्टपुष्ट. मी घरी जाऊन पडवीत तो दोन वितींचा रिकामा कप्पा काढला आणि नऊ चिंचोके त्यात ठेवले. सासूबाईंना आता नीट दिसत नसे. त्यांनी हात फिरवून मोजले. "नऊ," त्या म्हणाल्या. "बरं झालं हो."

त्यानंतर यांनी परत लिहिलं, यावेळी पुण्याच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकांना. ते प्राध्यापक स्वतः आले. आमच्या पडवीत मांडी घालून बसले, सगळ्या वह्या आणि त्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पाहिले. दोन दिवस राहिले, धरणावर गेले, पन्हळीत स्वतः अहिर मोजून पाहिला आणि चिखलात पडले. जाताना विचारलं, "या नोंदी कुणाकुणाच्या?" यांनी कागद घेतला आणि तीन नावं लिहिली. स्वतःचं तिसरं.

लेख छापून आला तो इंग्रजीत, पाच पानी. तोवर स्वातंत्र्य आलं होतं, सासूबाई गेल्या होत्या आणि यांच्या डोक्यावर काळा केस उरला नव्हता. यांनी तो घाटावर नेला. भोईदादा जाळं दुरुस्त करत होते, भोईणबाई पाटीशी बसल्या होत्या. यांनी एकेक वाक्य मराठीत करून वाचलं. नावं आली तिथं बोट ठेवून दाखवलं. भोईदादांनी त्या काळ्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, मग तो धोतराला पुसला, कागदाला डाग लागला असेल म्हणून घाबरले.

"मंग," त्यांनी विचारलं, "आता धरनाला वाट ठिवनार?"

"तसं कुणी म्हटलेलं नाही, दादा," हे म्हणाले. "वाट हवी, एवढं आपण लिहिलंय."

भोईदादांनी कागद यांच्या हाती परत दिला. "बरं," म्हणाले, आणि माझ्याकडं वळले. "वैनी, येत्या सरावनात आठ घागरी घिऊ. सहा कमीच पडल्या व्हत्या."

आम्ही आठ नेल्या. त्यानंतर आणखी तीन वर्षं नेल्या. मग भोईदादांचे गुडघे धरले आणि यांना चालवेनासं झालं. विंझरची माणसं आणखी एक वर्ष आपणहून पिल्लं घेऊन आमच्या दारी आली. माझी मोठी मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. ती गाडीत बसून धरणावर गेली नाही, पण घागरीत डोकावून तिनं एक पिल्लू ओंजळीत घेतलं, निरखून पाहिलं आणि हळूच परत पाण्यात सोडलं.